पंखा आला, धूर मात्र राहिला
पोशेरा हे मोखाडा तालुक्यातलं गाव. हा तालुका 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो पालघरमध्ये आला. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरपट्टीतली वस्ती. गेल्या चाळीस वर्षांत इथल्या घरांच्या भिंती बदलल्या, छपरं बदलली, वीज आली, पंखे फिरू लागले. या बदलांची मोजदाद सरकारी अहवालांत सापडते. पण घरात वावरणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारी हवा सुधारली का, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

सुरुवात कुडाच्या घरापासून करावी लागेल. रानातून कारवीच्या काठ्या आणायच्या, उभ्या रोवून आडव्या कांबींना आवळून बांधायच्या आणि आतून-बाहेरून शेणामातीचं लिंपण द्यायचं. वर गवत किंवा पेंढा, पुढे नळीची कौलं. अशा घरात खिडक्या नावालाच, म्हणून अंधार फार. पण भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून वारा खेळता राहायचा. गवताचं छप्पर तापत नाही आणि सारवलेली जमीन गार असते, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी आत शिरलेल्या माणसाला पंख्याची आठवण होत नसे.

चूल मात्र याच घरात, एका कोपऱ्यात. तिचा धूर आढ्याला जाऊन कौलांतून वाट काढायचा. त्या धुराचे उपयोगही होते. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या बियाण्याला कीड लागत नसे, छपराची लाकडं आणि कारवी भुंग्यापासून वाचायची, पावसाळ्यात डास कमी व्हायचे. लोकांनी धूर इतकी वर्षं सोसला तो अज्ञानापोटी नव्हे. तो घराच्या व्यवहारात बसलेला होता. पण त्याची किंमत चुकती केली ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईने आणि तिच्या मांडीवरच्या लेकराने.

आषाढातली चूल आठवा. सरपण ओलं, काटक्या धुमसतायत, जाळ धरत नाही. बाई वाकून फुंकणीने फुंकर घालते, फुंकर संपली की पुढचा श्वास त्याच धुरातून घेते. डोळ्यांना पदर लावते आणि पुन्हा वाकते. नागलीच्या भाकऱ्या संपेपर्यंत हेच चालतं.

या धुराचं मोजमाप देशात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावली आणि त्यांच्या श्वासात किती धूलिकण जातात ते नोंदवलं. आकडे शहरातल्या रस्त्यांवरच्या प्रदूषणाहून कितीतरी पटींनी जास्त निघाले. त्याच सुमारास, 1983 मध्ये, केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशभर लाखो चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने पुढे या कामात मोठा वाटा उचलला.

तरीही बहुतेक ठिकाणी त्या चुली टिकल्या नाहीत. अशा चुलीचं धुराडं वेळोवेळी झाडावं लागतं. ते काजळीने तुंबलं की धूर पुन्हा घरातच. लाकूड बारीक फोडून घालावं लागतं, ते कष्टही बाईच्याच वाट्याला. चूल बसवण्याला अनुदान मिळालं, पण दोन वर्षांनी फुटलेलं धुराडं कोण बदलणार याला उत्तर नव्हतं. केंद्राने 2002 मध्ये कार्यक्रमातून हात काढून घेतला. पुढे 2009 मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये लेख लिहून दाखवून दिलं की आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या माणसांनाही सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार होतो आणि जगभरात त्यामागचं सर्वांत मोठं कारण घरातल्या इंधनाचा धूर हे असू शकतं.

दरम्यान घरंच बदलू लागली होती. 1980 च्या दशकात इंदिरा आवास, मग शबरी घरकुल, 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना. कुडाच्या जागी विटांची भिंत उभी राहिली, गवताच्या जागी पत्रा किंवा स्लॅब आला. पाऊस अडला, साप-विंचवाची भीती कमी झाली, दरवर्षी छप्पर शाकारायचं काम सुटलं. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखता कामा नये. पण वरची फट बुजली. चैत्र-वैशाखात पत्रा तापतो आणि रात्र पडली तरी खोली निवत नाही. ज्या घराला पंख्याची गरज नव्हती, त्या घराला पंख्याशिवाय झोप येईना.

पंखाही आला. 25 सप्टेंबर 2017 रोजी जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेत घरोघरी वीजजोडणीचं उद्दिष्ट होतं. तारा नेणं अवघड अशा दुर्गम घरांसाठी जो सौरसंच ठरवला होता, त्यात पाच एलईडी दिवे, एक प्लग आणि एक डीसी पंखा होता. पंखा ही चैन नसून गरज आहे, हे सरकारी यादीत मान्य झालं, ही मोठी गोष्ट. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की वीज जाते, म्हणून आता चार्जिंगचे छोटे पंखेही घरांत दिसतात. तान्ह्या बाळाच्या आईला आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला त्यांचा आधार आहे. मात्र दिवाळीनंतर जी कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात, त्यांचा पंखा कुलूपबंद घरात राहतो. उन्हाळ्याचे कडक दिवस ती भट्टीशेजारच्या खोपीत काढतात.

गॅसचीही हीच कहाणी. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली. आठ कोटींच्या टप्प्याची जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबादच्या कार्यक्रमात दिली गेली. शेगडी मिळाली, पण 14.2 किलोची टाकी भरून आणायला एकरकमी पैसे लागतात आणि डोंगरातल्या पाड्यावर ती पोचवणंही सोपं नाही. मग चहा, पाहुणे आणि आजारपण गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर.

शहरात अशा वेळी हवा शुद्ध करणारं यंत्र विकत घेतात. त्यातला हेपा फिल्टर 1940 च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाच्या निमित्ताने घडला. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण तो अडवतो. पण त्याला दारं-खिडक्या लावलेली खोली लागते, सतत वीज लागते आणि ठरावीक काळाने नवा फिल्टर लागतो. पेटत्या चुलीच्या घरात तो बघता बघता काजळीने भरेल. इथला उपाय धूर गाळण्याचा नाही, धूर घराबाहेर काढण्याचा आहे.

आणि पंखा हवा शुद्ध करत नाही, फक्त हलवतो. घाम सुकून अंगाला गारवा मिळतो एवढंच त्याचं काम. चूल पेटलेली असताना छताचा पंखा लावला तर धूर घरभर पसरतो. त्यापेक्षा टेबल पंखा खिडकीत बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवावा, म्हणजे तो धूर ओढून बाहेर टाकतो. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर खोली कमी तापते. साधा छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये भागवतो. बिल भरताना हा फरक कळतो.

चाळीस वर्षांत भिंत एका योजनेने दिली, वीज दुसरीने, शेगडी तिसरीने. प्रत्येकीने आपापलं काम केलं, पण हवेचा विचार करणं कोणाच्याच यादीत नव्हतं. म्हणून मागणी एवढीच आहे: यापुढे मंजूर होणाऱ्या प्रत्येक घरकुलाच्या नकाशात समोरासमोर दोन खिडक्या आणि चुलीवर धुराडं सक्तीचं करा, ते धुराडं दुरुस्त करायला गावातल्याच माणसाला शिकवा आणि रोजगार द्या, आणि गॅसची टाकी मजुरीच्या पैशांत परवडेल अशी करा. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते तेव्हा हा विषय मांडायला विसरू नका.