दुसऱ्या नातीचे बारसे

घरात पहिली मुलगी जन्मास आली तर तिच्या स्वागतासाठी आपल्या भाषेने 'पहिली बेटी, धनाची पेटी' ही म्हण तयार ठेविली आहे. दुसरीसाठी मात्र म्हण नाही. दुसरी आली म्हणजे भेटीस येणारी मंडळी आधी बाळंतिणीची प्रकृती विचारतात, मग क्षणभर थांबून 'असो, दोघी सुखरूप आहेत ना, झाले तर!' असे म्हणतात. या 'झाले तर'मध्ये जे सांत्वन दडलेले असते, ते आत निजलेल्या बाळंतिणीच्या कानी पडते, याचे भान चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही राहत नाही. गेल्या वैशाखात आमच्या चिरंजीवांस दुसरी कन्या झाली आणि हे सांत्वन आम्हांस भरपूर ऐकावयास मिळाले.

मिठाईचेही तसेच. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा निर्बंध कोणत्या स्मृतीत सांगितला आहे ते आम्हांस आजवर सापडले नाही. हलवायास मात्र तो मुखोद्गत असतो. पौडच्या बाजारात आम्ही दोन किलो पेढे मागितले, तेव्हा दुकानदाराने 'गुरुजी, नातू का?' असे मोठ्या आनंदाने विचारले. 'नात' म्हणताच त्याचा हात बर्फीच्या ताटाकडे वळला. आम्ही त्यास पेढेच बांधावयास लाविले.

शास्त्राचा आधार पुढे करणाऱ्यांसाठी थोडे शास्त्रही सांगितले पाहिजे. मुलीचे संस्कार करावेत, पण ते मंत्रावाचून करावेत, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे, हे खरे. परंतु त्याहून प्राचीन अशा बृहदारण्यकोपनिषदात, आपणांस विदुषी कन्या व्हावी अशी इच्छा धरणाऱ्या दांपत्याने तिळाचा भात तुपासह खावा, असा स्पष्ट विधी आहे. पुढे शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात ही विद्वत्ता गृहकृत्यापुरतीच समजावी असा संकोच केला, ही गोष्ट निराळी. आचार्यांच्या चरणी मस्तक ठेवून आम्ही मूळ उपनिषदाकडेच राहतो. नातीचे नामकरण आम्ही समंत्रक करविले, आणि ते सांगावयास एक विदुषी बाईच पुण्याहून आल्या होत्या. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत स्त्रियांस पौरोहित्य शिकविले जाऊ लागल्यास बराच काळ लोटला. तरी आमच्या आप्तांपैकी दोघांस त्या दिवशी अकस्मात दुसरी कामे निघाली.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. गर्भातील बालकाचे लिंग ओळखण्याच्या चाचणीस आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. संसदेचा कायदा १९९४ सालचा. असे असूनही, सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ भरल्या. हे पातक अडाण्यांच्या माथी मारता येत नाही. ते यंत्र चालविण्यास पदवी लागते आणि त्याचे शुल्क देण्यास पैसा लागतो. आणि सुनेस तेथवर नेणारी भीती कोठून उपजते? पुष्कळ वेळा ओटीवर बसलेल्या आम्हां आजोबांच्या एका सुस्काऱ्यातून.

आता नावाविषयी. नाव ठेवताना बापाच्या मागील तीन पिढ्यांशी त्याचा संबंध असावा, असे याज्ञिकांचे मत पतंजलीने महाभाष्यात दिले आहे. मुलग्याच्या बाबतीत हे सोपे. छत्रपती संभाजी महाराजांनी आपल्या पुत्राचे नाव शिवाजी ठेविले. पहिल्या बाजीरावांनी आपल्या थोरल्या पुत्रास वडिलांचे बाळाजी हे नाव दिले. मुलीस पूर्वजांचे काय द्यावे? पुष्कळ विचारान्ती आम्ही गाव द्यावयाचे ठरविले. आमचे मूळ गाव मुळशी पेट्यात, मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात होते. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी आणि मावळ्यांनी तुरुंग भोगले, आणि तरीही १९२४ च्या अखेरीस तो लढा संपला व पुढे खोरे पाण्याखाली गेले. त्या पाण्यावर कोकणात भिरा येथे वीज होऊ लागली. आमचे आजोबा देव्हारा घेऊन पौडास आले. म्हणून नातीचे नाव नीलजा. अक्षरे तीन, म्हणजे स्त्रीनाम विषम अक्षरांचे असावे हा आश्वलायनांचा नियम पाळला गेला. अंती दीर्घ स्वर, म्हणजे मनूचाही एक नियम पाळला गेला.

तोच मनू तिसऱ्या अध्यायात नदीचे नाव असलेली मुलगी वरू नये असे सांगतो, ही शंका आमच्या एका शास्त्रीमित्रांनी काढली. आम्ही त्यांस विचारले, मग सवाई माधवरावांच्या मातोश्री गंगाबाई कशा? १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांच्या पत्नी माहेरच्या गोदूबाई. मनूचे ऐकले असते तर निम्मा महाराष्ट्र अविवाहित राहिला असता. शास्त्रीबोवा हसले आणि बारशास आले.

सुवर्णपुष्पांवरून मात्र घरात खरी रदबदली झाली. पणतूचे मुख पाहिल्यावर पणजीवर सोन्याची फुले उधळण्याची चाल आहे. आमच्या मातोश्रींचे वय ८७. 'पणतीसाठी हे करीत नाहीत; पुढे पणतू होईल तेव्हा करू,' असे आमच्या वडीलबंधूंनी सुचविले. मातोश्री भिंतीशी टेकून वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, 'अरे, वाट पाहावयास मला अजून किती वर्षे आहेत असे तू धरून चालला आहेस? आणि मी काय नुसती मुलग्यांचीच पणजी?' वडीलबंधू निरुत्तर झाले. आम्हांस सेनापतींची आठवण झाली. १९१४ साली पुत्र झाला तेव्हा नामकरणाचे पहिले भोजन त्यांनी, समाज ज्यांस अस्पृश्य मानीत होता, त्यांस घातले होते. त्या मानाने आमचे धाडस ते काय! दुसऱ्याच दिवशी पुण्यास जाऊन अगदी हलक्या वजनाची पाच फुले करवून आणली.

बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले आणि रिवाजाप्रमाणे पाठीवर धपाटे खाल्ले. घुगऱ्या वाटल्या. मातोश्रींवर फुले उधळली, तेव्हा सूनबाई दाराआड उभ्या होत्या; मातोश्रींनी त्यांस हाक मारून शेजारी बसविले आणि एक फूल त्यांच्या ओंजळीत ठेविले.

मोठी नात पाच वर्षांची आहे. बहिणीची नदी कोठे आहे, असे ती दररोज विचारते. नदी आता जलाशयात मिसळलेली; बोटाने वेगळी दाखविता येणार नाही. पाऊस सरला म्हणजे दोघींस घेऊन ताम्हिणीच्या रस्त्याने पाण्याच्या काठी जावयाचे, असे ठरले आहे. मातोश्रीही येणार म्हणतात.