हिशेबातले वासरू

५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये पत्रकारांसमोर एक बर्गर तळण्यात आला. नेदरलँड्सच्या मास्ट्रिक्ट विद्यापीठातील मार्क पोस्ट यांनी तो गाईच्या स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढवून बनवला होता. खर्च सुमारे अडीच लाख युरो. ‘कत्तलीविना मांस’ म्हणून कौतुक झाले. मी शाकाहारी, चवीबद्दल बोलणार नाही. पण बँकेत हयात गेलेला माणूस विचारतोच, जमा दिसली, नावे कुठे पडले?

नुसती साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे दिली तर पेशी जेमतेम तग धरतात. ‘वाढा’ म्हणून सांगणारी प्रथिने लागतात, आणि ती आयती मिळतात गर्भातल्या वासराच्या सीरममध्ये. गाभण गाय कत्तलखान्यात आली, की गर्भ काढून त्याच्या हृदयातून रक्त घेतात. पोस्ट यांच्या पेशी यावरच वाढल्या होत्या. म्हणजे नावेच्या बाजूला जन्मालाच न आलेले वासरू!

बरे, या सीरममध्ये असंख्य घटक. प्रत्येक खेपेला प्रमाण निराळे. त्यातले नेमके कोणते हवेत, हे शोधणे म्हणजे तपशील न लिहिलेली जुनी खातेवही जुळवणे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या अँड्र्यू स्टाउट आणि डेव्हिड कॅप्लन यांच्या गटाने २०२२ मध्ये ती बरीचशी जुळवली. मूलपेशींसाठी तयार असलेल्या सीरमविरहित द्रावणात त्यांनी एकच भर घातली, अल्ब्युमिनची. तेही प्राण्याच्या रक्तातले नव्हे, जनुकतंत्राने बनवलेले. गंमत अशी, की ते पहिल्याच दिवशी घालून चालत नाही; आधी पेशींना तळाशी चिकटू द्यावे लागते. मग साधारण ३९ तासांत त्या दुप्पट होऊ लागल्या. ‘बीफी-९’ असे त्याचे नाव.

पण हे अल्ब्युमिन महाग. म्हणून याच गटाने २०२३ मध्ये त्याच्या जागी मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचे प्रथिन वापरून दाखवले. आपल्याकडे पेंड गुरांपुढे टाकतात. तसल्याच पेंडीतून प्रथिन काढून गुरांच्या पेशी पोसायच्या, हा व्यवहार मला तरी पटला.

सिंगापूरने २०२० मध्ये पेशींपासूनच्या कोंबडीच्या मांसाला विक्रीची परवानगी दिली, तेव्हा पेशी वाढवताना सीरम वापरले जात होते. सीरमविरहित पद्धतीला तिथे जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. वाढीची इतर प्रथिने अजून महागच आहेत. आणि पहिल्या पेशी गाईकडूनच घ्याव्या लागतात. त्यासाठी जागा बधिर करून स्नायूचा लहानसा तुकडा काढला तरी पुरतो. गाय गोठ्यात परत जाते.