पिलू, रेती आणि काळी माती

अमरावतीच्या साईनगरात काय, अकोल्याच्या गोरक्षण रोडला काय, घराचं बांधकाम निघून दारात रेती पडली की गल्लीतल्या मांजरी रात्रीच तिथे हजेरी लावतात. सकाळी मिस्त्री शिव्या घालत वरचा थर फावड्यानं बाजूला काढतो. या मांजरींना कुणी शिकवलेलं नसतं. नवं पिलू घरी आणून ‘आता याला शी-शूची सवय कशी लावायची’ म्हणून धास्तावणाऱ्यांनी आधी हा ढीग बघावा. उकरायचं, उरकायचं, झाकायचं ही उपजत खोड आहे. आपण फक्त जागा द्यायची.

जन्मल्यावर तीनेक आठवडे पिलाला आई चाटेल तेव्हाच शू-शी होते. पुढे ते भुसभुशीत काही दिसलं की स्वतःच पंजा मारू लागतं. वाड्यात त्यासाठी गोठा होता, कुटार होतं, चुलीची राख होती. फ्लॅटात सगळी फरशी. मग पिलू कुंडी गाठतं, नाहीतर गादी.

कुंडीतलीच काळी माती टबात भरली तर? बेसाल्ट झिजून झालेली आपली माती स्मेक्टाइट गटातल्या खनिजांनी भरलेली आहे; म्हणून ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओलं झालं की गोळा होणारं बाजारातलं कॅट लिटर, म्हणजे बेंटोनाइट, याच कुळातलं. आपल्या देशात ते कच्छ आणि बाडमेरकडे निघतं. दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात मातीला सोडियमही भरपूर, आणि बेंटोनाइट चांगलं फुगतं तेही सोडियममुळेच. ज्या गुणापायी वावरात पाणी मुरत नाही, तोच पुड्यात बांधून विकला जातो! तरीही वावरातली माती आणू नये. ती पंजांना चिकटून घरभर ठसे उमटवते, शिवाय जंतांची अंडी सोबत आणते.

ठशांचा वैताग जुनाच आहे. 1947 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका बाईची मांजरासाठीची रेती थंडीत गोठली. राख वापरून पाहिली, तर घरभर काळी पावलं. एडवर्ड लो या शेजाऱ्यानं तिला शोषक माती दिली, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. पुढे त्यानं त्यावर मोठा धंदा उभा केला.

आपल्याकडे विकतच्या लिटरचा खर्च सुरुवातीला नकोच. लहान पिलू लिटर चाटून बघतं आणि गोळा होणारी माती पोटात फुगू शकते, म्हणून तीनेक महिन्यांपर्यंत साधी रेतीच बरी. चाळायची, धुवायची, वाळवायची. मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन हे काम फुकटात करतं. प्लास्टिकचं उथळ घमेलं घेऊन त्यात दोन-तीन इंच थर द्यावा. ते जेवणाच्या वाटीजवळ नको, आणि घरघरणाऱ्या कूलरखाली तर नकोच. दचकलेलं पिलू तिथे पुन्हा फिरकत नाही. पहिले काही दिवस पिलू एकाच खोलीत ठेवावं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर अलगद घमेल्यात सोडावं. चुकलं तर नाक घासणं हा निव्वळ आडदांडपणा. त्यातून पिलू एवढंच शिकतं की माणसादेखत करायचं नाही, मग ते पलंगाखाली जातं.

चुकलेली जागा फिनाइलनं पुसण्याची आपली सवय मात्र घातक आहे. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पाय चाटताना ती पोटात जातात. साबण-पाणी आणि वरून पातळ व्हिनेगर पुरेसं. दूध-पोळीवरच्या पिलाचं पोट सैल असेल तर दोष सवयीचा नसतो, दुधाचा असतो. बऱ्याच मांजरांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही.

घमेलं रोज साफ करावं. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे जंतू विष्ठेत आले तरी संसर्ग करण्याजोगे व्हायला त्यांना किमान एक दिवस लागतो. हा संसर्ग गर्भाला धोक्याचा, म्हणून घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं.

आणि मोठा झालेला बोका घमेल्यात वारंवार बसतो, कण्हतो, पण शू होत नाही, तर ‘सवय बिघडली’ म्हणत उद्यावर ढकलू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.