श्लेष्मबुरशीची हाक

पावसाळ्यात आहुपे-भीमाशंकरच्या रानात गेलेला माणूस शेकरू दिसते का म्हणून वर पाहत असतो. आज आपण पायाखालच्या कुजलेल्या पाचोळ्याकडे पाहू. अशा ओल्या रानमातीत जगभर आढळणारा एक जीव म्हणजे श्लेष्मबुरशी. नाव बुरशीचे, पण ही खरी बुरशी नव्हे.

जंतू खायला मिळतात तोवर हिची प्रत्येक पेशी एकटी हिंडते. जंतू संपले की हजारो, कधी लाखभर पेशी एके ठिकाणी गोळा होतात आणि त्यांचा गोगलगाईसारखा सरपटणारा इवलासा देह बनतो. ना डोळे, ना मेंदू. मग त्या एकमेकींना सापडतात कशा?

जॉन बॉनर यांनी 1947 साली या पेशींवरून पाणी वाहते ठेवले. प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या पेशी तेवढ्या केंद्राकडे वळल्या. वरच्या अंगाच्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे केंद्रातून काहीतरी पाझरत होते. स्पेन्सरच्या काव्यातील मोहिनी घालणाऱ्या चेटकिणीवरून त्यांनी त्याला ‘अ‍ॅक्रासिन’ म्हटले. डिक्टिओस्टेलियम या जातकुळीतले हे द्रव्य ‘सायक्लिक एएमपी’ असल्याचे 1967 मध्ये ठरले. आपल्या यकृतात अ‍ॅड्रेनलिनचा निरोप पेशीच्या आत पोचविणारे द्रव्यही हेच.

भाकरीचा घास चावत राहिले की गोड लागतो, ते लाळेतल्या एन्झाइमाचे काम. श्लेष्मबुरशीत एक एन्झाइम हाकेचे द्रव्य घडविते. हाक लागलेली पेशी तिकडे सरकते आणि स्वतःही ते द्रव्य सोडते. सुमारे दर सहा मिनिटांनी अशी लाट बाहेर पसरते. पण दुसरे एन्झाइम, फॉस्फोडायएस्टरेज, तेच द्रव्य लगोलग मोडून टाकते. हा उफराटा कारभार कशाला?

नाणेघाटात मोठ्याने हाक मारून पाहा. प्रतिध्वनी विरलाच नाही, तर हाक कोणत्या कड्याकडून आली हे कळेल का? येथेही तसेच. जुनी हाक पुसली गेली तरच नवीची दिशा लागते. हे दुसरे एन्झाइम बनविता न येणाऱ्या पेशी उपाशी राहूनही एकत्र येत नाहीत; ते बाहेरून घातले की येतात! आम्हाला तर घडविणाऱ्यापेक्षा मोडणाऱ्याचेच कौतुक अधिक वाटते.

पुढे देह उभा राहताना पेशींच्या आतही हेच द्रव्य राबते. साधारण पाचांतली एक पेशी देठात जाऊन मरते. उरलेल्या तिच्या माथ्यावर बीजाणू होऊन पुन्हा ओल आणि जंतू मिळण्याची वाट पाहतात.