नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

नारायण पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पहिला कॉम्प्युटर आला १९९४ मध्ये. तेव्हा अँटिव्हायरस एका फ्लॉपीत मावायचा. फ्लॉपी सरकवायची, काळ्या पडद्यावर फाइलींची नावं पळताना बघायची, काही सापडलं नाही की फ्लॉपी परत डबीत. सतत पहारा हवा असेल तर ऑटोएक्झेकच्या फाइलीत एक ओळ वाढवायची, नकोसा झाला की ती ओळ खोडायची. बसवायला जितका वेळ लागे, त्याहून कमी वेळ काढायला लागे. पुढे कधी याच गोष्टीची आठवण काढून उसासे टाकू, असं वाटलं नव्हतं.

व्हायरसही फ्लॉपीवरूनच हिंडायचे. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये सोडलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा त्यातला मूळपुरुष. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी पुण्यात 'क्विक हील' उभं केलं तेही नव्वदच्या दशकातच. पण आमच्यासारख्यांना खरी धडकी भरवली ती २६ एप्रिल १९९९ ला. 'चेर्नोबिल' नावाने गाजलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला. हार्ड डिस्कवर तर त्याने नांगर फिरवलाच, पण काही मशिनांचा बायोसही पुसला. म्हणजे बटण दाबलं तरी पडदा काळाच. तेव्हापासून अँटिव्हायरसचं खोकं विकत घेणं ही आमच्या लाइनीत वर्षासनासारखी गोष्ट झाली. खोक्यात एक सीडी, एक कार्ड. कार्डावरची चंदेरी पट्टी नखाने खरवडायची, खालचा नंबर चष्मा पुसून टाइप करायचा, शून्य आणि 'ओ' यांत एकदा तरी चुकायचं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

२००६ चा सप्टेंबर. दोन दिवाळी अंकांचं काम अंगावर, आणि जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपलेली. सर्व्हिसला येणाऱ्या मुलाने दुसऱ्या कंपनीचं खोकं आणलं (दोन्हींची नावं इथे घेत नाही) आणि जुनं न काढताच नवं बसवलं. म्हणाला, ''मॅडम, दोन असले तर डबल सेफ्टी.'' मलाही ते पटलं. दाराला दोन कुलुपं लावतोच की आपण.

दुसऱ्या दिवशी पेजमेकरची फाइल उघडायला टाकली आणि मी खाली जाऊन चहा पिऊन आले, तरी ती उघडतच होती. कारण नंतर कळलं. कुठलीही फाइल उघडताना पहारेकरी तिला विंडोजच्या अगदी गाभ्यात अडवतो, तपासतो, मग सोडतो. पहारेकरी दोन असले की पहिल्याने हात लावलेली फाइल दुसरा पुन्हा अडवतो, आणि एकाने कोंडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला सापडला की तो आरडाओरडा करतो. एवढ्यावर भागलं असतं तर सोसलं असतं. पण आमच्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टवर लावायचं एक लॉक होतं. अंगठ्याएवढं. नव्या पहारेकऱ्याला त्याचा ड्रायव्हर संशयास्पद वाटला आणि त्याने तो उचलून कोंडला. 'लॉक सापडत नाही' अशी पाटी पडद्यावर, लॉक माझ्या डोळ्यांसमोर पोर्टात, आणि एकशेसाठ पानी अंकातलं एक अक्षर मराठीत टाइप होईना.

मग काढाकाढी सुरू झाली, आधी जुन्याची. कंट्रोल पॅनेल, अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्राम्स. हिरवी पट्टी शेवटाला आली, तिथे अर्धा तास थबकली आणि एरर आली. आता यादीतून नाव गेलेलं, पण घड्याळाशेजारी चिन्ह कायम. फोल्डर हाताने उडवायला गेलो तर 'ही फाइल वापरात आहे'. कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास संगीत ऐकल्यावर सल्ला मिळाला, की काढण्यासाठी आधी ते पुन्हा पूर्ण बसवा. ते सहा महिन्यांपूर्वी संपलेलं सॉफ्टवेअर. त्याची सीडी कुठे आहे ते देवाला ठाऊक. रात्री अकराला तो मुलगा म्हणाला, ''मॅडम, फॉरमॅट मारू?'' मी डी ड्राइव्हवरचा डेटा सीड्यांवर उतरवून घेतला आणि हो म्हणाले. अंक छापून गेला, उशिरा.

या चिवटपणाला एक खरं कारण आहे, हे मान्य करायला हवं. व्हायरस आत शिरल्यावर आधी पहारेकऱ्यालाच मारायला बघतो. म्हणून पहारेकऱ्याने स्वतःला सहजी काढू द्यायचं नाही, आपली प्रक्रिया बंद करू द्यायची नाही, ही रचनाच होती. पण गुण म्हणून आलेली ही गोष्ट धंद्याच्या कामी आली. 'आता नको' हे बटण फिकट राखाडी झालं आणि 'नूतनीकरण करा' हिरवंगार. नॉर्टन आणि मॅकअफी या कंपन्यांना आपलंच सॉफ्टवेअर काढण्यासाठी वेगळी अवजारं द्यावी लागली. मॅकअफी कसं काढायचं या विषयावर तर खुद्द जॉन मॅकअफी यांनीच २०१३ मध्ये एक अचकट विचकट व्हिडिओ केला. कंपनी सोडून त्यांना तेव्हा जवळजवळ वीस वर्षं झाली होती, तरी लोक हाच प्रश्न त्यांना विचारत.

मधल्या काळात सफाईवाली सॉफ्टवेअरं बोकाळली. रजिस्ट्री साफ करतो, मशीन पळवतो, असं सांगणारी. त्यांच्यासोबत टूलबार यायचा, कारण त्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असे. २००८च्या सुमाराला तर अँटिव्हायरसचं सोंग घेतलेले भामटे आले; खोटे व्हायरस दाखवायचे आणि काढण्याचे पैसे मागायचे. खरा पहारेकरी आणि हा, दोघांची भीती घालायची भाषा इतकी सारखी होती की लोक फसले यात नवल नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या सफाईवाल्याच्या अधिकृत प्रतीतच चोर घुसवलेला सापडला; ती प्रत वीस लाखांहून अधिक मशिनांवर पोचली होती.

पहारेकऱ्याने घरच्यालाच चोर ठरवण्याचे प्रकारही झाले. एप्रिल २०१० मध्ये मॅकअफीच्या एका अपडेटने एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस म्हणून धरली आणि मशिनं बंद-चालू, बंद-चालू होत राहिली. ती बातमी वाचताना मला माझं लॉक आठवलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख मशिनं निळी पडली आणि हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा उपाय वाचून मला हसू आलं: सेफ मोडमध्ये जा आणि एक फाइल हाताने उडवा. म्हणजे २००६ मध्ये आम्ही करत होतो तेच. २०२४च्याच सप्टेंबरात, अमेरिकेत कॅस्परस्की या अँटिव्हायरसवर बंदी येताना, तिथल्या ग्राहकांच्या मशिनांवरून कॅस्परस्की आपणहून गेलं आणि जागी 'अल्ट्राएव्ही' नावाचं भलतंच काही येऊन बसलं. काढायला इतकी वर्षं घाम गाळायला लावणाऱ्यांना, काढणं एका रात्रीत जमतं तर!

विंडोजमध्ये २०१२ पासून पहारा आतच दिलेला आहे आणि घरगुती कामाला तो पुरतो, असं माझं मत. ते मी सगळ्यांना सांगत असते. गेल्या महिन्यात मामांकडे गेले होते. वय त्र्याऐंशी, लॅपटॉपवर शेअर बघतात आणि नातवाशी बोलतात. पडद्याच्या कोपऱ्यात दोन ढाली आणि एक झाडू. झाडू दर दहा मिनिटांनी सांगत होता की शेकडो समस्या सापडल्या आहेत.

''मामा, यातलं काही लागत नाही. काढून टाकू का?''

मामांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. आत खरवडलेलं कार्ड, त्याला टाचलेलं बिल.

''मार्चपर्यंत राहू दे गं,'' ते म्हणाले, ''पैसे भरलेत.''