दिवाळीत सिंधुदुर्ग करतो, पण त्याच्या शेजारचं गलबत नेमकं कसं दिसायचं? शिरूर-दौंडमध्ये बसून लाकडी जहाज बनवायचं गणित

दिवाळी आली की शिरूर असो की दौंड, गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. राजगड होतो, शिवनेरी होतो आणि एखादा हौशी ग्रुप सिंधुदुर्ग नाहीतर जंजिराही करतो. जलदुर्ग म्हटला की भोवती निळा रंग टाकून पाणी करावं लागतं आणि पाणी झालं की त्यात एक जहाज लागतं.

इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. मग बाजारातून प्लॅस्टिकची होडी येते, नाहीतर इंटरनेटवरचा एखादा फोटो बघून थर्माकोलचं जहाज कापलं जातं. पण ते जहाज बहुतेक वेळा इंग्रजांचं असतं, नाहीतर हॉलिवूडच्या समुद्री चाच्यांचं. भगवा फक्त वर लावलेला असतो.

लाकडाचं शिडाचं जहाज हुबेहूब लहान आकारात बनवणं हा जगभर चालणारा छंद आहे. युरोप-अमेरिकेत त्यासाठी तयार किट मिळतात आणि लोक एकेका जहाजावर वर्षानुवर्षं काम करतात. आपल्याकडे हा छंद करायचा म्हटला तर एक वेगळीच अडचण समोर येते. ती अडचण काय आहे आणि त्यातून वाट कशी काढायची, तेच समजून घेऊ.

किल्ले राहिले, जहाजं गेली

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. हे किल्ले ज्या आरमारासाठी बांधले, त्या आरमारातलं एकही जहाज मात्र आज आपल्यासमोर उभं नाही. किल्ले दगडाचे होते म्हणून टिकले. जहाजं लाकडाची होती. ती कुजली, फुटली, जळाली.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर तिथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज माणसाचा उल्लेख येतो. महाराजांनी त्याला जहाजबांधणीच्या कामावर ठेवलं होतं. पुढे पोर्तुगीजांनीच त्याला फितवून काम सोडायला लावलं. जहाज बांधण्याची विद्या किती मोलाची मानली जायची, ते यातून कळतं.

सभासद बखरीत गुराबा, तरांडी, गलबतं, शिबाडं अशी जहाजांची नावं येतात. पण नावाने आकार कळत नाही. कान्होजी आंग्रे यांच्या काळात हे आरमार भरात होतं. १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि त्यानंतर २७ वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या या मोहिमेत पुण्याचे नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. बंदरात एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या जहाजांना आग लागली आणि बघता बघता आंग्र्यांचं आरमार जळून गेलं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश नौदलासाठी 'ट्रिंकोमाली' नावाचं सागवानी जहाज बांधलं गेलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे आणि लोक तिकीट काढून ते बघतात. या जहाजाचे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकेबरोबरच्या लढाईत नष्ट झालं. तेव्हा इंग्लंडहून नकाशे पुन्हा पाठवावे लागले.

म्हणजे इंग्रजांकडे नकाशाची दुसरी प्रत होती. आपल्याकडे विद्या कारागिराच्या हातात आणि डोक्यात होती. कारागीर गेला की नकाशाही गेला. म्हणूनच मुंबईत बांधलेल्या इंग्रजी जहाजाचं मॉडेल करणं सोपं आहे आणि आंग्र्यांच्या गुराबेचं अवघड.

गुराब आणि गलबत, फरक काय?

आपण सरसकट सगळ्याला गलबत म्हणतो. पण अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने या दोन जहाजांचं जे वर्णन केलं आहे, ते मॉडेल करणाऱ्याच्या खूप उपयोगाचं आहे.

गुराब हे मोठं जहाज. त्याला दोन किंवा तीन डोलकाठ्या असायच्या. तीन डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंतची. ती लांबीच्या मानाने रुंद असायची आणि मधल्या भागापासून पुढे निमुळती होत जायची. पुढचं टोक युरोपियन जहाजासारखं गोलसर नसायचं, तर चोचीसारखं लांब पुढे आलेलं असायचं. त्या टोकाच्या मागे आडवी भिंत असायची आणि त्या भिंतीतल्या भोकांतून तोफा थेट समोर मारा करायच्या. 'गुराब' हा शब्द अरबी 'घुराब'वरून आला आणि त्याचा अर्थ कावळा. चोच लक्षात ठेवली की गुराब चुकत नाही.

गलबत हे छोटं आणि चपळ. मोठ्यातलं मोठं गलबत ७० टनांच्या आसपास. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी बारीक. शिवाय ४०-५० वल्ही. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागेवर थांबायची आणि गलबतं मात्र वल्ही मारत फिरायची. गुराबेला दोर लावून ओढत न्यायचं कामही तीच करायची. १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांना अशाच छोट्या, उथळ पाण्यात फिरणाऱ्या मराठी होड्यांनी जेरीला आणलं होतं.

तेव्हा तीन मजली तोफा, मागे नक्षीदार खिडक्या आणि गोल पोट असं 'मराठा जहाज' एखाद्या पोस्टमध्ये दिसलं, तर शेअर करण्याआधी जरा थांबा.

नकाशा नसताना जहाज बांधता येतं का?

येतं. नौदलाच्या 'कौंडिण्य'ने ते नुकतंच दाखवून दिलं.

अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे. त्या चित्रावरून खरं जहाज बांधायचं ठरलं. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली गोव्यात हे जहाज बांधलं. त्यात फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, त्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या आहेत. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधल्या मस्कतला पोहोचलं.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की चित्रावरून थेट मोठं जहाज केलं नाही. आधी आकार मांडला आणि आयआयटी मद्रासच्या मदतीने मॉडेलवर चाचण्या घेतल्या. चित्रात एकच बाजू दिसते. पोट किती खोल, तळ किती रुंद, हे चित्र सांगत नाही. ते मॉडेल करताना ठरवावं लागतं.

म्हणजे मॉडेल ही शोकेसमधली वस्तू आहेच, पण हरवलेल्या जहाजाबद्दलचा अंदाज तपासायची ती एक पद्धतही आहे. एखादी डोलकाठी अमुक जागी उभी राहते का, वल्ही मारणारी माणसं तिथे बसतात का, हे कागदावर ढकलून देता येतं. लाकडात देता येत नाही.

आधी गणित, मग कटर

प्रत्येक मॉडेलचं एक प्रमाण असतं. १:५० म्हणजे खऱ्या जहाजाच्या ५० सेंटिमीटरला मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर. कौंडिण्यची लांबी १९.६ मीटर आणि रुंदी ६.५ मीटर आहे. १:५० ने ते ३९.२ सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद होईल. म्हणजे टीव्हीच्या कपाटावर आरामात बसेल.

पण प्रमाण सगळ्याला लावायचं असतं. साडेपाच फुटांचा खलाशी साधारण ३.४ सेंटिमीटरचा होतो. २० सेंटिमीटर रुंद फळी ४ मिलिमीटरची होते. ५ सेंटिमीटर जाड दोर १ मिलिमीटरचा होतो. नवीन माणसाचं मॉडेल बहुतेक वेळा दोऱ्यामुळे फसतं. सुतळी लावली की जहाज लगेच खेळण्यासारखं दिसायला लागतं.

जहाज उभं कसं राहतं?

पहिल्यांदा कणा. जहाजाच्या तळातून पुढून मागे जाणारं हे मुख्य लाकूड. त्यावर ठरावीक अंतरावर आडवे साचे बसवायचे. माशाच्या काट्याला फासळ्या असतात, तसेच. हे साचे प्लायवूड किंवा एमडीएफमध्ये कापतात. पुण्यात लेझर कटिंगवाल्याकडे फाईल दिली तर ते कापून मिळतात, पण हाताच्या करवतीनेही होतात. एमडीएफ घासताना मास्क लावा, त्याची धूळ छातीत जाते.

साचे बसले की त्यांच्या कडा घासायच्या. एक पातळ पट्टी आडवी धरून बघायची. ती प्रत्येक साच्याला टेकली पाहिजे. इथे घाई केली तर पुढे जहाजाच्या पोटाला खड्डे पडतात.

मग फळ्या. हाच खरा कसोटीचा भाग. समजा जहाजाच्या मध्यावर एका बाजूचा घेर ८ सेंटिमीटर आहे आणि फळी ५ मिलिमीटरची आहे. म्हणजे १६ फळ्या लागतील. पण पुढच्या टोकाला तोच घेर ५ सेंटिमीटर असेल, तर त्याच १६ फळ्या तिथे मावल्या पाहिजेत. म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे साधारण ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. हे केलं नाही तर फळ्या एकमेकींवर चढतात आणि मग कितीही पुट्टी भरली तरी ते लपत नाही.

वाकवण्यासाठी फळी कोमट पाण्यात भिजवायची, हळूहळू वळवायची आणि वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. एक फळी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकच बाजू पूर्ण केली तर सगळा सांगाडा पिळतो.

शिवलेल्या जहाजांत क्रम उलटा असायचा. तिथे आधी फळ्या एकमेकींना शिवायच्या आणि फासळ्या नंतर घालायच्या. पहिल्या मॉडेलला मात्र साच्यांचीच पद्धत बरी.

शेवटी डेक, डोलकाठ्या, दोर आणि शीड. डोलकाठीला बांबू चांगला, शिडाला जुनं सुती धोतर. नवं पांढरंशुभ्र कापड नको. चहाच्या पाण्यात बुडवून काढलं की रंग बरोबर येतो.

सामान कुठून आणायचं?

परदेशी किट महाग असतात आणि त्यात आपलं जहाज नसतंच. बाल्सा लाकूड ऑनलाइन किंवा पुण्यातल्या हॉबीच्या दुकानात मिळतं. ते कटरने कापता येतं, पण फार मऊ असतं आणि नखाचाही वण पडतो. खरी जहाजं सागाची असली तरी मॉडेलला साग अवघड जातो, कारण त्याच्या रेषा छोट्या आकारात जाडजूड दिसतात. बारीक पोताचं लाकूड बरं. सुताराकडे किंवा लाकडाच्या वखारीत उरलेले तुकडे मागा आणि पातळ पट्ट्या काढून घ्या. बाकी फेविकॉल, पॉलिश पेपर, स्टीलची पट्टी, बारीक कानस आणि चिमटा एवढ्यावर सुरुवात होते.

समुद्र लांब आहे, नदी नाही

शिरूर-दौंडहून अलिबागचा समुद्र रस्त्याने २०० किलोमीटरपेक्षा लांब. मग इथल्या माणसाने सुरुवात कुठून करायची? नदीवरून.

शिरूरला आपण आजही घोडनदी म्हणतो. दौंडच्या अंगाने भीमा वाहते. पूल होण्याआधी सिद्धटेकच्या गणपतीला जाणारी माणसं दौंड तालुक्यातल्या शिरापूरहून होडीने भीमा ओलांडायची. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना ती होडी आठवत असेल. किती माणसं बसायची? तळ सपाट होता की गोल? वल्हं मारायचे की बांबूने ढकलायचे? खाली उजनीच्या पाण्यावर आजही मासेमारीच्या होड्या चालतात. तिथे एखाद्या जुन्या लाकडी होडीच्या मालकाला विचारून टेप लावा. लांबी, मध्यावरची रुंदी, दोन्ही टोकांची उंची आणि दर दोन फुटांवर आतली रुंदी एवढी मापं घेतली की नकाशा तयार होतो.

ही मापं घेणं मॉडेलइतकंच महत्त्वाचं आहे. फायबरच्या आणि पत्र्याच्या होड्या आल्यावर लाकडी होडी दुरुस्त करणारा माणूस मिळणं अवघड होत चाललंय. आंग्र्यांच्या गुराबेची मापं त्या काळी कुणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून आज आपण इंग्रजांच्या वर्णनावर विसंबून आहोत. नदीवरच्या होडीचं तसंच होऊ द्यायचं की नाही, हे अजून आपल्या हातात आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिलं मॉडेल नदीतल्या होडीचं, दुसरं गलबताचं आणि हात बसला की गुराब. शाळा-कॉलेजात असाल तर एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेल बनवणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि त्याच्या स्पर्धाही होतात.

आणि मॉडेल पूर्ण झालं की त्याखाली एक छोटी पाटी लावा. कोणतं जहाज, कोणतं प्रमाण, कोणता भाग पुराव्यावरून केला आणि कोणता अंदाजाने. पुढे कुणी तुमच्या मॉडेलचा फोटो बघून आपलं जहाज बनवायला घेईल, तेव्हा त्याला ही पाटी सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.