तयारी आधी की रंगमंच आधी?



"अजून माझी तयारी झालेली नाही, पुढच्या सेमिस्टरला बोलते." पीएचडीची पहिली दोन वर्षं मी हेच सांगत सेमिनार टाळायचे. तुमच्यापैकीही काहीजण टाळत असतील. म्हणून आज आपल्या विषयापासून जरा लांबचं उदाहरण घेऊया: ऑपेराचे तरुण गायक. अनुभव नाही म्हणून भूमिका मिळत नाही, आणि भूमिका नाही म्हणून अनुभव मिळत नाही, अशी त्यांची कोंडी असते.

आधी प्रश्न समजून घेऊ. ऑपेरात परंपरेने माइक वापरत नाहीत. मग एका गळ्याचा आवाज अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो कसा? स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी 1970च्या दशकात याचं उत्तर मांडलं. ऑर्केस्ट्राची ऊर्जा साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते आणि पुढे घटत जाते. तालीम झालेल्या पुरुष गायकाच्या आवाजात मात्र 3000 हर्ट्झच्या जवळपास एक ठळक उंचवटा दिसतो. त्याला 'सिंगर्स फॉर्मंट' म्हणतात. म्हणजे ऑर्केस्ट्रा जिथे क्षीण, तिथेच गायक जोरकस! (उंच पट्टीच्या सोप्रानो गायिकांचं तंत्र वेगळं असतं.)

आता गंमत बघा. सरावाच्या छोट्या खोलीत स्वतःचा आवाज भिंतींवरून लगेच परत येतो. मोठ्या रंगमंचावर तो तसा येत नाही. नवखा गायक घाबरून जोर लावतो आणि घसा थकवून घेतो. शिवाय अभिनय, जड पोशाख, परकी भाषा आणि कंडक्टरच्या हातावर नजर, हे सगळं एकाच वेळी. ते खोलीत बसून शिकता येत नाही. पण कच्च्या आवाजाला एकदम मोठी भूमिका दिली, तर आवाजच बिघडायचा धोका.

यावर अमेरिकेतल्या सँटा फे ऑपेराने पायऱ्या बांधल्या. जॉन क्रॉस्बी यांनी 1957मध्ये पहिल्याच हंगामात तरुण गायकांसाठी अ‍ॅप्रेंटिस योजना सुरू केली. हे गायक कोरसमध्ये गातात आणि छोट्या भूमिका करतात. काहीजण मोठ्या भूमिकांचे 'कव्हर' असतात, म्हणजे पूर्ण भूमिका पाठ करून तयार राहायचं. मुख्य गायक आजारी पडला तर उभं राहायचं. बहुतेकदा ती वेळ येतच नाही, पण भूमिका गळ्यात बसलेली असते. हंगामाच्या शेवटी ते त्याच रंगमंचावर निवडक प्रवेश सादर करतात, तेव्हा मुख्य भूमिका त्यांच्याच असतात. आज जगभर गाणारी मेझो-सोप्रानो जॉयस डिडोनाटो 1995मध्ये इथे अ‍ॅप्रेंटिस होती.

यातली युक्ती लक्षात आली का? रंगमंच खरा, प्रेक्षक खरे. फक्त चूक झाली तर नुकसान किती, ते आधीच मर्यादित केलेलं. तयारी पूर्ण होईपर्यंत थांबवत नाहीत, आणि खोल पाण्यात ढकलतही नाहीत.

आपल्याकडे याच पायऱ्या आहेत. लॅब मीटिंगमध्ये दहा मिनिटं बोलणं म्हणजे कोरस. पोस्टर म्हणजे छोटी भूमिका. सीनियरचं प्रेझेंटेशन त्याच्याइतकंच नीट समजून ठेवणं म्हणजे कव्हर. आणि विभागाचा सेमिनार म्हणजे हंगामाच्या शेवटचा प्रवेश.

मी तिसऱ्या वर्षी एकदाची उभी राहिले. ज्या आलेखावर दोन वर्षं हात फिरवत बसले होते, त्यातली चूक एमएस्सीच्या एका विद्यार्थ्याने पाचव्या मिनिटाला दाखवली. चेहरा पडला खरा. पण ती चूक मला माझ्या टेबलावर कधीच दिसली नसती. दोन वर्षं आधी बोलले असते, तर त्यावर रचलेले पुढचे प्रयोग तरी वाचले असते.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. तुमची सगळ्यात खालची पायरी कोणती ते ठरवा आणि तिथे तुमचं नाव नोंदवा.